गोगलगाईची चुन्याची भूक

आषाढात दोन-तीन दिवस झड लागली की कल्याणजवळच्या कोन गावात शंखी गोगलगाई भिंतींवर चढतात. दुर्गाडीचा पूल ओलांडून भिवंडीच्या रस्त्याला लागलं की दोन्ही अंगांना चाळींचे मागचे ओटे, गोदामांची कंपाउंडं, विहिरींचे कठडे दिसतात. सगळीकडे त्या असतात, पण जुनी चुन्याची सफेदी असलेली भिंत त्यांना विशेष प्रिय. खाली ओलं गवत आहे, केळीची पानं आहेत, कुजलेला पाला आहे. एवढं सगळं सोडून ही गोगलगाय कंबरभर उंच चढते आणि रात्रभर भिंत खरवडत बसते. सकाळी त्या भिंतीच्या अगदी जवळ जाऊन पाहा. शेवाळाच्या हिरव्या थरात नागमोडी पांढरे पट्टे उमटलेले असतात आणि प्रत्येक पट्ट्यात बारीक आडव्या रेघा, एकसारख्या अंतरावर. त्या रेघा म्हणजे तिच्या एकेका घासाची खूण.

पावसाळ्यात इथली मुलं या गोगलगाई घरी आणतात. आइस्क्रीमचा रिकामा डबा, झाकणाला पाडलेली भोकं, तळाशी मूठभर माती एवढी तयारी झाली की प्रश्न येतो, "आई, हिला खायला काय देऊ?" घाईत असलेली आई म्हणते, कोबीचं पान टाक. त्या उत्तरात चूक काहीच नाही. पण या साध्या प्रश्नाच्या पोटात दातांपासून दगडांपर्यंत, आणि लातूरच्या सोयाबीनपासून अमेरिकेतल्या फ्लोरिडापर्यंत इतकं काही भरलेलं आहे की तो घाईने मिटवावा असं मला वाटत नाही.

सुरुवात तोंडापासून करू. गोगलगाईला एका पारदर्शक डब्याच्या काचेसारख्या भिंतीवर चालू द्या आणि तिच्या वाटेत काकडीची कागदासारखी पातळ चकती चिकटवा. पलीकडून पाहिलं की तोंड उघडतं, आतून एक फिकट गुलाबी जीभ पुढे येते, खालून वर एकदा फिरते आणि आत जाते. पुन्हा येते, पुन्हा फिरते. कान जवळ नेला आणि घरातला पंखा बंद असला तर बारीक करकर ऐकूही येते. ही जीभ म्हणजे एक किसणीच आहे. कायटिन नावाच्या कठीण द्रव्याच्या त्या पट्टीवर सूक्ष्म दातांच्या रांगाच रांगा असतात, आणि दातांची एकूण संख्या हजारांत जाते. भिंत खरवडून खरवडून पुढच्या रांगा झिजतात, गळतात. मागून नव्या रांगा तयार होऊन पुढे सरकत राहतात. दात संपले म्हणून गोगलगाय कधी उपाशी राहत नाही.

आतलं यंत्रही तितकंच अचाट आहे. पानातला सेल्युलोज आपल्याला पचत नाही. गाई-म्हशींना तो पचतो, पण त्यासाठी त्यांच्या पोटात जंतूंची प्रचंड फौज राबत असते. गोगलगाईच्या पाचकरसात मात्र वनस्पतींच्या आणि बुरशीच्या पेशींच्या भिंती विरघळवणारी विकरं इतकी जोरकस असतात, की यीस्टच्या पेशीचं कवच काढायचं झालं तर प्रयोगशाळांत वर्षानुवर्षं गोगलगाईच्या आतड्यातला अर्क वापरला गेला. त्यामुळेच ती कोवळ्या पानाइतक्याच आवडीने कुजलेला पाला, ओला पुठ्ठा आणि आळंबी खाते. एक गोष्ट मात्र तिला पचत नाही, ती म्हणजे रंग. गाजर दिलं की विष्ठा नारिंगी होते, मेथी दिली की हिरवी. मुलांना हे एकदा कळलं की ती रोज नवा रंग शोधायला लागतात. विष्ठा पडते तीही शंखाच्या ओठाशी, श्वासाच्या छिद्राच्या बाजूला. गर्भावस्थेत गोगलगाईचं शरीर आतल्या आत अर्धा वळसा घेतं, आणि मागचं टोक पुढे येतं.

आता पुन्हा त्या भिंतीकडे येऊ. पाला भरपूर असताना भिंत कशासाठी? शंखासाठी. गोगलगाईचा शंख जवळजवळ सगळा कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे चुनखडीच्याच द्रव्याचा असतो. त्याचे स्फटिक अरॅगोनाइट या प्रकारचे असतात. शंख ती कुठून शोधून आणत नाही, सोडून दुसऱ्यात शिरतही नाही. अंड्यातून निघते तेव्हाच तो तिच्या पाठीवर असतो. शंखाच्या तोंडाशी असलेली मांसल किनार चुना झिरपवत राहते आणि शंखाचा ओठ थोडा थोडा पुढे वाढतो. वाढणाऱ्या गोगलगाईचा तो ओठ बोटाने हलकेच चाचपला तर पापुद्र्याइतका पातळ लागतो. काल रात्री खाल्लेला चुना तिथे येऊन बसलेला असतो. म्हणून गोगलगाय उचलायची ती ओठाला धरून नव्हे, शंखाच्या घेराला धरून, आणि आधी तिच्या पायाखाली दोन थेंब पाणी सोडून.

हा चुना तिला खाण्यातून आणि पायाखालच्या जमिनीतूनच मिळवावा लागतो. आणि आपला मुलूख तर काळ्या बसाल्टचा. चुनखडीचे डोंगर इथे नाहीत, आणि कोकणपट्टीचा पाऊस मातीतलं विरघळणारं सगळं धुऊन खाडीला नेतो. मग जिथे माणूस राहतो तिथे चुना असतो: सफेदी, गिलावा, सिमेंटचा कोबा, फुटकी अंड्याची टरफलं. ही गोगलगाय माणसाच्या वस्तीला इतकी धरून का राहते याची कारणं अनेक आहेत. माझ्या मते चुना त्यातलं एक मोठं कारण आहे. डब्यात चुना मिळाला नाही तर काय होतं हे पाळणाऱ्यांना ठाऊक असतं. शंख पातळ पडतो, पांढुरका होतो, ओठ तुटतो. दोघी-तिघी एकत्र असल्या तर एकमेकींच्या पाठीवर चढून त्या एकमेकींचे शंख खरवडायला लागतात. ते भांडण नसतं, ती भूक असते.

तेव्हा "काय देऊ" याचं पहिलं उत्तर भाजीच्या टोपलीत सापडणार नाही. ते उत्तर समुद्रफेण. माकुळाच्या पाठीतला हा हलका पांढरा तुकडा पक्ष्यांचं खाद्य विकणाऱ्याकडे मिळतो, काष्ठौषधीच्या दुकानातही मिळतो. माकूळ हा गोगलगाईचाच सागरी भाईबंद, दोघंही मृदुकाय. एकाने कवच पाठीवर वागवलं, दुसऱ्याने शरीराच्या आत घेतलं. समुद्रफेणातला चुनाही अरॅगोनाइटचाच, म्हणजे नात्यातल्या एकाचं कवच दुसऱ्याच्या कवचाला कामी येतं. फक्त ते समुद्रातून आलेलं असल्याने दोन दिवस साध्या पाण्यात भिजत ठेवावं, पाणी चार-पाच वेळा बदलावं आणि वाळवून मगच डब्यात ठेवावं. तेही नसेल तर अंड्याची टरफलं उकळावीत, वाळवावीत आणि मिक्सरमधून काढून त्याची पूड करावी. ही पूड एका बाजूला ठेवून द्यायची. कधी आणि किती खायचं ते गोगलगाय स्वतः ठरवते.

इथे एक धोका आहे आणि तो घराघरांत आहे. चुना म्हटल्यावर पानाच्या डबीतला चुना कोणाच्याही मनात येईल. तो गोगलगाईला कदापि देऊ नये. चुनखडी भट्टीत भाजली की कळीचा चुना होतो. त्यावर पाणी घातलं की तो फसफसून, तापून विरतो. हा विरलेला चुना कॅल्शियम हायड्रॉक्साइड असतो, अतिशय दाहक. आपल्याही जिभेला तो पानाबाहेर सोसवत नाही, मग जिचं अख्खं अंग उघडं आणि ओलं त्या जिवाचं काय होणार? मग भिंतीवरचा चुना तिला कसा चालतो? कारण भिंतीवर लावलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेत घेत पुन्हा चुनखडी होतो. म्हणजे दगडाचा चुना झाला, चुन्याची सफेदी झाली आणि सफेदीचा पुन्हा दगड झाला, आणि त्या फिरून आलेल्या दगडावर गोगलगाय जेवायला आली. रसायनशास्त्राच्या पुस्तकातलं हे चक्र कोनच्या भिंतीवर तिच्या दातांनी कोरून ठेवलेलं असतं. मला यापुढे आश्चर्य करायला शब्द सापडत नाहीत. चुन्याऐवजी द्यायला फळ्यावरचा खडूही भरवशाचा नाही. पुष्कळ खडू चुनखडीचे नसून जिप्समचे, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचे असतात.

पाल्याकडे आता वळू. इथे हिशेब चुन्याचाच आहे, पण जरा आडवळणाने. पालक दिसायला तजेलदार, गोगलगाय खातेही चवीने. पण पालकात ऑक्झॅलेट भरपूर, आणि ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं, सुटू देत नाही. कधीमधी एखादं पान चालेल, रोजचं खाणं म्हणून नको. त्यापेक्षा मेथी, मुळ्याचा पाला, कोथिंबीर बरी. आणि सगळ्यांत चांगला शेवग्याचा कोवळा पाला, जो कोनमध्ये कोणाच्याही परसात हात वर केला की मिळतो. १०० ग्रॅम शेवग्याच्या पाल्यात ३०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं. धान्यांत आपली नाचणी ३५० च्या आसपास जाते, तर तांदूळ १० च्या घरात. नाचणीच्या पिठाची चिमूट ओल्या दोडक्याच्या फोडीवर भुरभुरली की गोगलगाय ती फोड खालपर्यंत कोरून काढते.

पावसाळ्यात कल्याण-भिवंडीच्या बाजारात आदिवासी बाया शेवळं, टाकळा, कुर्डू, अळू घेऊन बसतात. त्यातली शेवळं आणि अळू गोगलगाईला देऊ नका. शेवळांची भाजी काकडं घातल्याशिवाय घशाला खाजते हे इथल्या प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक आहे. खाज येते ती कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सूक्ष्म सुयांमुळे. या सुया झाडाने कोणासाठी रोखून धरल्या आहेत? जर्मनीत येना इथे एर्न्स्ट श्टाल नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. त्यांनी १८८८ साली 'झाडं आणि गोगलगाई' याच विषयावर एक संशोधन छापलं. त्यांनी गोगलगाईंना अनेक झाडांची पानं चाखायला दिली. काही पानांना त्या तोंड लावत नव्हत्या. श्टाल यांनी ती पानं अल्कोहोलमध्ये भिजवून त्यातले कडू-तुरट रस काढून टाकले आणि पुन्हा दिली, तर त्याच गोगलगाई ती पानं खायला लागल्या. म्हणजे पानातला कडूपणा, तुरटपणा हे झाडाचं राखण होतं. अळूच्या कुळातल्या सुयाही अशाच राखणदार आहेत असं त्यांनी मांडलं. आपण कोशिंबिरीला, भाजीला ज्या चवी जपतो त्यातल्या कितीतरी मुळात गोगलगाईसारख्यांना हाकलण्यासाठी घडल्या, हा विचार मनात आला की मेथीची जुडी निवडतानाही थांबायला होतं.

काकडीचं वेगळं सांगायला हवं, कारण काकडी देणं सर्वांत सोपं आणि तिथेच बहुतेकांची गाडी अडते. काकडीत जवळजवळ ९५ टक्के पाणी. उन्हाळ्यात ओलाव्यासाठी ती उत्तम, पण तिच्यात पोसणारं फारसं नाही. आणि रोज काकडी खाल्लेली गोगलगाय हळूहळू दुसरं काही खायचं बंद करते. हा निव्वळ पाळणाऱ्यांचा समज नाही. कॅनडात मॅकगिल विद्यापीठात रोजर क्रोल आणि रोनाल्ड चेस यांनी नेमक्या याच जातीच्या, म्हणजे आफ्रिकन शंखी गोगलगाईंवर प्रयोग केले आणि १९७७ साली ते प्रसिद्ध झाले. जो पदार्थ गोगलगाईने खाल्ला होता, त्याच्या वासाकडे ती नंतर वळत होती. न खाल्लेल्या पदार्थाकडे वळत नव्हती. ही आठवण काही आठवडे टिकत होती. वरच्या दोन लांब शिंगांच्या टोकाला तिचे डोळे असतात, पण त्या टोकांचं मोठं काम वासाचं. खालची दोन आखूड शिंगं पायापुढची जमीन चाखत जातात. एवढ्याशा मज्जातंतूंच्या गाठींत जेवणाची आठवण आठवडेच्या आठवडे राहते! म्हणून लहान गोगलगाईला पहिल्यापासून आलटून-पालटून द्यावं: आज दोडका, उद्या शेवग्याचा पाला, परवा लाल भोपळ्याची किंवा रताळ्याची किसलेली फोड, मग पडवळ, दुधी, गाजर. लहानपणी ज्या वासांची ओळख पटते ते तिला पुढे परके वाटत नाहीत.

नकोशी आठवणही ती ठेवते. अमेरिकेत अ‍ॅलन गेल्परिन यांनी १९७५ साली बिनशंखाच्या गोगलगाईंवर प्रयोग केला. नवा पदार्थ खाल्ल्यावर लगेच त्रास होईल असं केलं, तर एक-दोन वेळांतच त्या तो पदार्थ टाळायला शिकल्या. तुमच्या गोगलगाईने एखाद्या पानाकडे पाठ फिरवली तर ते पान पुन्हा पुन्हा तिच्या तोंडाशी नेऊ नका. बहुधा तिच्याकडे तसं करायला कारण असतं.

गोगलगाईची आवड महाराष्ट्रात सर्वांत बारकाईने कोणाला ठाऊक असेल, तर ती सोयाबीन पेरणाऱ्या शेतकऱ्यांना. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत शंखी गोगलगाईंनी सोयाबीनची कोवळी रोपं रातोरात कुरतडून टाकली. कित्येकांना दुबार पेरणी करावी लागली, आणि शेवटी सरकारला गोगलगाईंमुळे झालेल्या नुकसानीची भरपाई द्यावी लागली. पेरलेलं शेत सकाळी बोडकं दिसणं म्हणजे काय, हे ज्याने सोसलं त्याला गोगलगाय गोजिरवाणी कशी वाटेल? त्या दिवसांत कृषी विभाग आणि विद्यापीठं जो उपाय सांगत होती तो आपल्या विषयाला अगदी लागून आहे. गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवायचं आणि संध्याकाळी बांधावर अंथरायचं. वासाने गोगलगाई त्याखाली गोळा होतात, सकाळी वेचून मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात बुडवायच्या. काही ठिकाणी पपईची आणि कोबीची पानंही आमिष म्हणून ठेवत. गूळ, पपई, कोबी या तिन्हींचा मोह तिला आवरत नाही हे शेतकऱ्याने शिवारात सिद्ध केलं. घरच्या डब्यात पपईची फोड आठवड्यातून एकदा चालेल. गूळ नको, त्याने मातीत बुरशी आणि चिलटं होतात.

त्याच उपायात मिठाचंही नाव आलं. मीठ तिच्या जिवावर बेततं. तिच्या त्वचेतून पाणी आत-बाहेर जाऊ शकतं. मीठ पडलं की अंगातलं पाणी खेचून बाहेर येतं, ती फेसाळत चिकट स्राव सोडत सुटते आणि आटून मरते. कोनच्या एका अंगाला खाडी आहे, भरतीचं पाणी इथवर येतं, आणि त्या खाऱ्या चिखलाकडे या गोगलगाई फिरकत नाहीत. घरातलं मीठ मात्र लपून येतं. आपल्याकडे पुष्कळ घरांत भाजी आणल्या आणल्या मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवतात. ती भाजी गोगलगाईला द्यायची तर आधी साध्या वाहत्या पाण्यात दोन-तीनदा खळखळून धुवायलाच हवी. कोशिंबिरीतली उरलेली काकडी, पोळीचा तुकडा, फरसाण, वेफर यांतलं काही नको. अधूनमधून थोडं प्रथिन लागतं, म्हणून कोणाच्या मनात सुका जवळा येईल. खाडीकाठच्या घरात तो असतोच, पण त्यात समुद्राचं मीठ असतं. त्याऐवजी भिजवून ठेचलेली मुगाची डाळ पंधरवड्यातून एकदा नखभर पुरते. कांदा, लसूण, मिरची, लिंबू-संत्र्याच्या फोडी यांपासूनही तिला दूर ठेवा.

फवारणीचं विष तर दिसतही नाही. मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, मृदुकाय प्राण्यांना मारक असतो. बोर्डो मिश्रणात तो असतो, आणि ते मिश्रण द्राक्षबागांत आणि पानमळ्यांत बुरशीवर फवारतात. म्हणून द्राक्षं आणि विड्याचं पान नको. बाजारच्या कोबी-फ्लॉवरची बाहेरची पानं काढून टाकावीत. गोगलगाईंसाठीच बनवलेल्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या शेतात किंवा सोसायटीच्या बागेत टाकल्या असतील, तर तिथलं गवताचं पातंही आणू नका. मला सर्वांत भरवशाचा वाटतो तो खिडकीतल्या कुंडीतला पाला, ज्यावर आपण स्वतः काही मारलेलं नाही हे आपल्याला माहीत असतं.

वेळही पाळायला हवी. ती रात्री जेवते. दिवेलागणीला अन्न ठेवावं आणि सकाळी उरलेलं काढून टाकावं. आपल्या दमट हवेत दुपारपर्यंत त्याला बुरशी धरते. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून मग शिंपडावं. उन्हाळ्यात ती शंखाच्या तोंडावर वाळलेल्या स्रावाचा पडदा लावून आत झोपी गेली, तर घाबरून तिला उठवू नका. इजिप्तमधून आणलेली एक वाळवंटी गोगलगाय लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये १८४६ साली मेलेली समजून पुठ्ठ्यावर डकवली होती. १८५० साली कोमट पाण्यात सोडल्यावर ती शंखातून बाहेर आली आणि पुढे जवळजवळ दोन वर्षं जगली.

इथवर बोललो ते तिच्या सुरक्षिततेचं. आता आपल्या. रानातली, गटारालगतची गोगलगाय उंदराची विष्ठाही खाते, आणि त्यातून उंदराच्या फुप्फुसात राहणाऱ्या एका जंताच्या अळ्या तिच्या अंगात शिरू शकतात. अँजिओस्ट्रॉन्गायलस कँटोनेन्सिस हे त्याचं नाव. गोगलगाईला त्याचा विशेष त्रास होत नाही. माणसाच्या पोटात त्या अळ्या गेल्या तर मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. भारतातही असे रुग्ण आढळले आहेत. गोदामं आली की उंदीर आले, म्हणून कोनमध्ये हे विसरून चालणार नाही. गोगलगाय हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे, तिला ओठांजवळ न्यायचं नाही, तिचा डबा ओट्यावर ठेवायचा नाही. आणि खरोखरच पाळायची हौस असेल तर उचलून आणलेल्या मोठ्या गोगलगाईपेक्षा घरात अंड्यातून निघालेलं पिल्लू पाळावं. पहिल्या घासापासून ज्याने स्वच्छ पाला खाल्ला, त्याच्यात तो जंत येणार कुठून? तिच्या ताटाची काळजी शेवटी आपल्याच ताटाशी येऊन मिळते.

ही गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेची. १८४७ साली विल्यम बेन्सन या गोगलगाईंच्या अभ्यासकाने मॉरिशसहून जिवंत नमुने कोलकात्याला आणले आणि चौरंगीतल्या एका बागेत ते सुटले. आज ती भारतभर आहे. १९६६ मध्ये हवाईहून परतलेल्या एका मुलाने तीन गोगलगाई लपवून फ्लोरिडात आणल्या. त्याच्या आजीने त्या बागेत सोडल्या. सात वर्षांत तिथे अठरा हजारांहून अधिक गोगलगाई सापडल्या, आणि त्या संपवायला दहा लाख डॉलर खर्ची पडले. २०११ मध्ये ती तिथे पुन्हा आली, २०२१ मध्ये तिचा नायनाट झाल्याचं जाहीर झालं, आणि २०२२ मध्ये ती पुन्हा सापडली. सह्याद्रीच्या जंगलांत आपल्या स्वतःच्या गोगलगाई आहेत, त्यांतल्या काही डावीकडे वळणाऱ्या शंखाच्या, काही तर दुसऱ्या गोगलगाई खाणाऱ्या. त्यांना तिथेच राहू द्यावं. घरची शंखी मात्र शेताच्या, रानाच्या वाटेवर कधीही सोडू नये.

एकटीच आहे म्हणून निश्चिंत राहू नका. प्रत्येक गोगलगाय नर आणि मादी दोन्ही असते, आणि पूर्वीच्या मिलनातलं बीज ती कित्येक महिने साठवून ठेवते. एके दिवशी मातीत बोट घातलं तर मोत्याएवढी पिवळसर अंडी हाताला लागतील, शंभर, दोनशे, कधी त्याहूनही जास्त. त्या अंड्यांवरही चुन्याचं कवच असतं. पिल्लू बाहेर येतं आणि सर्वांत आधी ते कवचच खातं. पाल्याचा वासही त्याला अजून माहीत नसतो. दोन-तीन अंडी ठेवायची असतील तर ती ओलसर मातीत राहू द्या, बाजूला टरफलाची अगदी बारीक पूड आणि शेवग्याची दोन पानं ठेवा. बाकीची सगळी पिशवीत बांधून दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवा आणि मग कचऱ्यात टाका. कुंडीत नको, गटारात नको, आणि चाळीच्या मागच्या गवतात तर अजिबात नको.